येळवशीच्या भज्जीतलं मीठ

माझ्या माहेरी अमावस्येला नवी चप्पलसुद्धा विकत घेत नाहीत. त्यामुळे लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याने मोठ्या उत्साहात सांगितलं की आमच्याकडचा वर्षातला सगळ्यात मोठा सण अमावस्येला असतो, आणि माझ्या वडिलांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मी नगरकडची. आमच्याकडे येळवस म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. मुलगा चांगला आहे, नोकरी आहे, एवढी एक गोष्ट सोडून द्यावी असं घरात ठरलं आणि मी धाराशिव जिल्ह्यात आले.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी इथली सगळी माणसं शेतात जेवतात. सगळी म्हणजे सगळी. ज्यांना शेत आहे ते आपल्या शेतात, ज्यांना नाही ते मित्राच्या शेतात. आम्ही राहतो त्या उमरग्यात सकाळी दहानंतर कुत्रंही दिसत नाही. हायवेवरून ट्रक जातात, पण गावात चहाची टपरीसुद्धा उघडी नसते. कुणाचं डोकं दुखलं तर गोळीसाठी मेडिकलवाल्याला शेतात जाऊन गाठावं लागतं. आमचं त्याबाबतीत बरं आहे, कारण आमच्या ओळखीचा मेडिकलवाला नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र आहे. त्याला गुंठाभर जमीन नाही, त्यामुळे दरवर्षी तो बायकोला घेऊन आमच्याच शेतात असतो.

शेत लोहाऱ्याकडच्या एका गावात आहे. तिथे माझे दीर, जाऊ आणि सासूबाई राहतात. इकडे सासूला आत्या म्हणतात, मीही तेच म्हणते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. हे सांगायचं कारण असं की आत्यांचं आणि माझं पहिलं भांडण रसायनशास्त्रावरूनच झालं.

येळवशीची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे ओले दाणे, वाटाणा, पावटा, हरभऱ्याचा पाला, मेथी, चाकवत, गाजर, बोरं, शेतात त्या दिवसांत जे जे हिरवं असेल ते सगळं एकत्र शिजवायचं आणि चिंचेचा कोळ, लसूण आणि डाळीचं पीठ लावून घट्ट करायचं. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. आणि नियम एकच, पण कडक. शेतात पांडवांना नैवेद्य दाखवल्याशिवाय यातलं काहीही चाखायचं नाही. बोट लावून जिभेवर टेकवायचंही नाही.

मग मीठ कसं कळणार, असं मी पहिल्याच वर्षी विचारलं. आत्यांनी झाकण काढलं, पदराने वाफ नाकाकडे घेतली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चिमूटभर कमी हाय."

"मिठाला वास नसतो, आत्या," मी म्हणाले. नवी नवरी होते, तरी राहवलं नाही.

"तुझ्या पुस्तकातल्या मिठाला नसंल," त्या म्हणाल्या आणि चिमूट टाकली. दुपारी शेतात जेवताना मीठ अगदी बेताचं लागलं. पुढच्या वर्षीही तसंच, त्याच्या पुढच्याही. मी वास घेऊन पाहायची, मला पाला कळायचा, लसूण कळायचा, धूर कळायचा. मीठ काही कळलं नाही. खरं तर मीठ नीट पडलं की भाजीचा बाकीचा वास मोकळा होत असणार, एवढं मला मनातल्या मनात पटलं होतं. पण आत्यांपुढे ते मी कबूल केलं नाही. मी हट्टी आहे आणि त्याही काही कमी नाहीत.

ही गोष्ट अलीकडची आहे. येळवशीच्या आदल्या दिवशी मी गावी पोचले तेव्हा जाऊ आत गॅसवर पोळ्यांचं सारण परतत होती. आत्या अंगणातल्या चुलीवर तीळ भाजत होत्या. मी समोर पोतं टाकून तुरीच्या शेंगा सोलत बसले. आत्या माझ्या केसांविषयी बोलत होत्या. केस पांढरे व्हायला लागलेत, तेल लावत नाहीस, कॉलेजातल्या पोरी हसत असतील वगैरे. बोलता बोलता कढईतून धूर यायला लागला. तीळ आधी लाल झाले, मग काळे. जळका वास नाकात चढला आणि मला ठसका लागला. आत्या मात्र उलथनं फिरवत माझ्याकडे बघून बोलतच होत्या.

"आत्या, तीळ!"

त्यांनी खाली बघितलं आणि दचकून कढई उतरवली. "तुझ्या बोलण्यात ध्यान गेलं," म्हणाल्या. मी एक शब्द बोलले नव्हते.

जाऊ नाकाला पदर लावून दारात आली आणि "लई वास सुटला की वो," म्हणून परत आत गेली. आत्या कढईकडे बघत राहिल्या. कढईत बघण्यासारखं काही नव्हतं. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि सरळच विचारलं, "आत्या, तुम्हाला वास येत नाही का?"

आधी त्या चिडल्या. मग त्यांनी आत एक नजर टाकली आणि हळू आवाजात सांगितलं. पावसाळ्यात सर्दीतापाने आठ दिवस पडल्या होत्या, तेव्हापासून वास गेला होता. चवही गेली होती. "तोंडात माती घेतल्यावानी वाटतंय. साकर का मीठ, डोळ्यानं बघून कळतंय मला."

मला एकदम आठवलं की दिवाळीत जाऊ फोनवर किती खुशीत होती. आत्या हल्ली कशालाच नावं ठेवत नाहीत, जे वाढीन ते छान म्हणून खातात, स्वभाव बदलला बघ त्यांचा, असं तिने मला दोनदा सांगितलं होतं. रोजचा स्वयंपाक जाऊ करते. आत्या चुलीपुढे बसतात त्या फक्त येळवशीला. म्हणून चार महिने कुणाला पत्ता लागला नव्हता.

"डॉक्टरला दाखवू. मी उद्याच यांना सांगते."

त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता, चुलीजवळ बसलेल्या माणसाचा असतो तसा. "कुणाला सांगू नगंस. म्या पाया पडते तुझ्या."  आत्या पाया पडायची भाषा करणाऱ्या नव्हेत. "खुरपायला जायची, तर शेतातनं उठवलं. धार काढायची, तर गोठ्यातनं उठवलं. आता बसून खा म्हणत्यात. ह्ये कळलं तर चुलीपासनं बी उठवतील. मग म्या कशाला उरले सांग बरं?"

 सगळे त्यांच्यावर जीव टाकतात आणि म्हणूनच त्यांना उठवतात, हे त्यांनाही माहीत होतं. मी फक्त मान हलवली आणि दुसरे तीळ निवडायला घेतले.

दिवस मावळता मावळता धनगराची मावशी चरवीभर ताक घेऊन आली. ही आत्यांची मैत्रीण. दोघी एकाच साली लग्न होऊन या गावात आल्या. मावशीच्या घरच्या मेंढ्या उन्हाळ्यात आमच्या रानात बसतात, आणि आमच्या गोठ्यात आता दुभतं नाही, म्हणून येळवशीच्या आंबिलीला ताक तिच्या म्हशीचं असतं. येळवशीला ताक कुणी विकत नाही. ज्याच्या घरी दुभतं आहे त्याने नसणाऱ्याला द्यायचं, अशी इथली रीत आहे. मावशीने अंगणात पाय ठेवताच नाक वर केलं आणि विचारलं, "काय जाळलंस गं म्हातारे?"

"हिनं जाळलं," आत्या माझ्याकडे बोट दाखवून बिनदिक्कत म्हणाल्या. मी निमूट मान खाली घातली. सूनपणात एवढं चालायचंच.

पहाटे आम्ही दोघीच चुलीपुढे होतो. तुराट्यांचा जाळ चांगला पेटला होता. जाऊ आत उंडे वळत होती. पातेलं नेहमीचंच होतं, भाजीही नेहमीएवढीच. आत्यांनी मिठाची मूठ भरली, पातेल्यावर हात धरला आणि थांबल्या. आयुष्यात त्यांनी कधी मुठी मोजल्या नव्हत्या. थोडं टाकायचं, वास घ्यायचा, पुन्हा थोडं टाकायचं, असंच त्या करत आल्या होत्या. शेवटी त्यांनी अंदाजाने मूठ टाकली, अजून अर्धी टाकली, ढवळलं आणि पळी बाजूला धरून माझ्याकडे बघितलं.

"वास घे."

मी वाकले. चष्म्यावर वाफ जमली. चष्मा काढून पुन्हा वाकले. पाला होता, लसूण होता, चिंच होती. मीठ कमी होतं का जास्त, देव जाणे. मी वर बघितलं तर आत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. निकालाच्या दिवशी माझे विद्यार्थी माझ्याकडे बघतात तशा. त्या वेळी "मला कळत नाही" असं म्हणायला हवं होतं. मी ते इतकी वर्षं म्हणत आले होते. पण पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं होतं, आणि मला मोठेपणाचा मोह सुटला.

"थोडं कमी वाटतंय," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि आणखी एक मूठ टाकली. वर माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "आलं बघ तुला." मला इतका आनंद झाला की आपण खोटं बोललो हे मी शेतात पोचेपर्यंत विसरून गेले होते.

शेतात दिरांनी कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, केली होती. आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. शेजारी ज्वारी कणसात आलेली, पलीकडे हरभरा, बांधाला करडई. मेडिकलवाला बायकोसह आधीच येऊन बोराच्या झाडाखाली सतरंजी अंथरून बसला होता आणि भूक लागल्याचं मोठमोठ्याने सांगत होता. मावशीही आली होती. पूजा झाली, नैवेद्य दाखवला. नवरा आणि दीर आंबील-भज्जी घेऊन "हरभलं रे हरभलं" अशी येळवशीची आरोळी देत पिकाला शिंपून आले. मग सगळे रांगेने बसले. आत्या पळी घेऊन वाढायला उभ्या राहिल्या. मी उंडे वाढत होते.

पहिला घास मेडिकलवाल्याने घेतला. हा माणूस तोंडात घास असतानाही बोलतो. तो बोलायचा थांबला. मग त्याने आंबिलीचा पेला उचलला आणि एका दमात संपवला. त्याच्या बायकोने खाली बघत पोळीचा तुकडा मोडला. नवऱ्याने घास गिळला आणि माझ्याकडे बघितलं.

"आत्या," जाऊ म्हणाली, "मीठ लई झालंया वो."

आत्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना स्वतःला चाखूनही कळलं नसतं, म्हणून त्या आमच्या चेहऱ्यांवरून मीठ वाचत होत्या. मला ते बघवलं नाही.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. "मीच सांगितलं आणखी घालायला." त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

मग काय, सगळ्यांना तोंड फुटलं. नवरा म्हणाला, "तुला कुणी सांगितलं हात लावायला? प्रयोगशाळा हाय का ती?" मेडिकलवाला म्हणाला, "वहिनी, बीपीच्या गोळ्या आणल्या असत्या, पण दुकान बंद हाय आज." हशा पिकला. जाऊ मात्र हसली नाही. तिला मनापासून वाईट वाटलं होतं. "वर्साचा सण," ती म्हणाली. "आत्यांच्या हातच्या भज्जीला कधी बोट दाखवाय जागा नसती. तुमी कशाला मधी पडलाव?"

ते मला लागलं. पण मी ते सहन करणार होते. चार दिवस चिडवतील, मग विसरतील. मी आत्यांकडे बघून डोळ्यांनीच खुणावलं की गप्प राहा. त्यांनी माझी खूण बघितली. त्यांना फक्त गप्प राहायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं.

त्यांनी पळी पातेल्याच्या झाकणावर ठेवली.

"तिला बोलू नगा," त्या म्हणाल्या. "तिची चूक न्हाय. माझं नाक गेलंया. चव बी गेलीया. पावसाळ्यापासनं. म्या तिला वास घ्याय लावला. तिला काय येतंय त्यातलं!"

 जाऊने आ वासला. "म्हंजी चार महिनं तुमी माझ्या भाज्या छान छान म्हणून खाल्ल्या, त्या…"

"मला काय ठावं? बऱ्या असतील," आत्या म्हणाल्या.

मेडिकलवाल्याला ठसका लागला. मावशी हसली, मग जाऊही हसली आणि हसता हसता रडायला लागली. दीर मात्र उठून आत्यांजवळ गेले. ते शांत माणूस आहेत, आईवर त्यांचा फार जीव आहे. त्यांनी आत्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आदी सांगायचं न्हाय व्हय, आई? उद्या दवाखान्यात जाऊ. आन आता तू बस. लई केलंस. पुढल्या सालापासनं ह्या दोघी बघतील."

इतक्या मायेने म्हणाले ते. पण मी आत्यांचा हात बघत होते. तो झाकणावर पळी चाचपत होता.

"बसवा तिला," मावशी रांगेतून मोठ्याने म्हणाली. ताटात हात तसाच. "खुशाल बसवा. पर एक ध्येनात ठेवा. येळवशीचं ताक म्या हिच्या नावानं आणते, तुमच्या न्हाय. ही बसली तर माझं ताक बी बसलं. मग आंबील पाण्यात करा."

"मावशी, तसं न्हाय वो…" दीर म्हणाले.

"तसंच हाय. नाक गेलं म्हंजी हात गेले का? आन ती उंडी कुस्करा भज्जीत, बिनमिठाची हायत. नुसतं बोलत बसलाव सगळी."

दीर परत आपल्या ताटावर जाऊन बसले आणि पहिला उंडा त्यांनीच कुस्करला. मग सगळ्यांनी कुस्करले. बाजरीने मीठ ओढून घेतलं आणि भज्जी खाण्याजोगी झाली. नुसती खाण्याजोगी नाही, मेडिकलवाल्याने तीनदा मागून घेतली. उंडे कमी पडले तेव्हा धपाटे काढले. आंबील संपत आली तशी ऊन उतरून सावली बांधापर्यंत आली, आणि पुरुषमंडळी बोरं वेचायला पांगली.

वाढणाऱ्या बायकांचं जेवण शेवटी. जाऊ आणि मावशी आधी उरकून मेडिकलवाल्याच्या बायकोला हरभरा दाखवायला घेऊन गेल्या होत्या. उरलो आत्या आणि मी. मी त्यांना ताट वाढलं आणि समोर बसले. मला माफी मागायची होती. कळत नसताना मी कळतं असं म्हणाले होते, आणि त्याची भरपाई त्यांनी सगळ्यांसमोर केली होती. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"ते ऱ्हाऊ दे. खा आन सांग मला."

"काय सांगू?"

"कशी झालीया ते. माझ्या हातची भज्जी, आन मलाच कळंना."

मी घास घेतला.  "आधी मीठ लागतं," मी म्हणाले.

"ते समद्यांनी सांगितलं. त्याच्या मागनं काय लागतंय?"

"मागून चिंच."

त्यांनी घास घेतला आणि सावकाश चावला. "मग?"

"मग तुरीचा दाणा येतो. दाताखाली फुटतो आणि गोड लागतो. मग लसूण. तो थोडा जळका आहे."

"जाळ मोठा झाला व्हता फोडणीला. आन हरभऱ्याचा पाला?"

मी पुन्हा घास घेऊन नीट बघितलं. "पालाही लागतो, आंबूस. पण अगदी शेवटी."

आत्या चावायच्या थांबल्या. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

"शेवटी न्हाय," त्या म्हणाल्या. "चिंच गेल्यावर, दाण्याच्या आदी. घाई करू नगंस. नीट खा."

मी आणखी एक घास घेतला आणि घाई केली नाही. चिंच गेली, आणि दाणा फुटायच्या आधी पाला लागला.